बाई नापास, मास्तर पास

डोळ्यांच्या हॉस्पिटलात सगळे त्यांना सर्व्हरबाई म्हणत. गेली एकवीस वर्षं तिथली संगणकयंत्रणा त्या एकहाती सांभाळत होत्या. पेशंटची नोंद, चष्म्यांचे नंबर, ऑपरेशनच्या तारखा, प्रतीक्षागृहातल्या भिंतीवरचा लाल आकड्यांचा टोकन-फलक, सगळा कारभार तळघरातल्या एका खोलीतून चाले, आणि त्या खोलीत काय कुठे आहे हे फक्त बाईंना ठाऊक होतं. यंत्रांची घरघर जरा बदलली की त्या जेवता जेवता मान वर करत आणि म्हणत, "मधल्या पंख्यात धूळ गेलीय." जाऊन पाहावं तर खरंच धूळ गेलेली असे.

त्यांचे यजमान शिंपी. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी दुकान बंद केलं होतं, तरी लोक त्यांना मास्तरच म्हणत. मास्तरांचा संगणकाशी संबंध एवढाच, की बाई घरी आल्या की ते विचारत, "बरं आहे ना आज?" दूरच्या आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसं.

बाईंकडे सर्व्हर सांभाळण्याचं प्रमाणपत्र होतं. पूर्वी ते एकदा मिळालं की मिळालं. मग वरच्या कचेरीने नियम काढला, की यापुढे दर तीन वर्षांनी परीक्षा देऊन ते नवं करून घ्यायचं, आणि मुदत संपलेल्या माणसाने सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. हॉस्पिटलचे अधीक्षक माणूस वाईट नव्हते, पण नियम दिसला की त्यांना भरून यायचं. त्यांनी लगेच त्या खोलीच्या उंबऱ्याशी जमिनीवर पिवळा पट्टा रंगवून घेतला आणि दाराशी पहारेकऱ्याची खुर्ची ठेवली.

"एकवीस वर्षं मी हेच करतेय," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांत मी काय विसरणार आहे?"

"तुम्ही विसरला नाहीत हे कागदावर दिसायला हवं," अधीक्षक म्हणाले.

त्या महिन्यात परीक्षेच्या केंद्राने 'एका जागेवर दुसरी मोफत' अशी काहीतरी योजना काढली होती. फुकट मिळालेली जागा वाया घालवणं बाईंच्या जिवावर आलं. परीक्षेला बसायला शिक्षणाची अट नव्हती, म्हणून हॉस्पिटलात विचारून पाहिलं, पण कुणी तयार होईना. शेवटी मास्तर म्हणाले, "तसाही मी तुझ्यासोबत येणारच. बाहेर बाकावर बसण्यापेक्षा आत एसीत बसतो."

परीक्षेला पाचशे प्रश्नांचं एक जाडजूड पुस्तक होतं. तीन आठवडे रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलापाशी बाई मटार सोलत आणि मास्तर चष्मा कपाळावर सरकवून प्रश्न वाचून दाखवत. अडचण अशी, की बाई उत्तर देण्याऐवजी प्रश्नाशीच भांडत.

"प्रश्न दोनशे चौदा. सर्व्हर बंद पडल्यास प्रथम काय करावे? अ, वरिष्ठांना कळवावे. ब, नोंदवहीत नोंद करावी. क, कारणांची यादी करावी. ड, वरीलपैकी सर्व."

"आधी वायर लागलीय का ते बघावं."

"तसा पर्याय नाही गं."

"म्हणजे प्रश्नच चुकीचा आहे. पुढचा."

"पण छापलंय 'ड'."

"छापणाऱ्याने कधी सर्व्हर बघितलाय का विचारा त्याला."

तीनशे बाराव्या प्रश्नावर तर त्या अर्धा तास बोलत होत्या. खराब डिस्क काढण्याआधी काय करावे, असा तो प्रश्न होता. पुस्तकाचं म्हणणं, आधी यंत्राला सांगून ती डिस्क सोडवून घ्यावी, मगच हात लावावा. बाईंचं म्हणणं, आपण आजवर चौदा डिस्का नुसत्या ओढून काढल्यात, एकीनेही तक्रार केलेली नाही.

मास्तर वाद घालत नव्हते. त्यांना प्रश्नांचा अर्थ कळत नव्हता, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. पण चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं डोक्यात ठेवलेला माणूस तो. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही तेवीस, डावा खांदा जरा उतरता, हे एकदा ऐकलं की दहा वर्षांनीही सांगत. त्यांनी पुस्तकही त्याच पद्धतीने आत घेतलं. दोनशे चौदा, ड. तीनशे बारा, ब. चारशे सहा, अ, आणि त्यात 'कदापि' हा शब्द आहे.

परीक्षेच्या दिवशी दोघं शेजारी शेजारी बसले. बाईंनी अकरा प्रश्नांच्या खाली 'अभिप्राय' नावाच्या चौकोनात आपलं मत सविस्तर लिहिलं. वेळ संपला तेव्हा त्यांचे चोवीस प्रश्न बघायचेच राहिले होते. मास्तर अर्ध्या वेळात मोकळे झाले आणि उरलेला वेळ पुढच्या मुलाच्या शर्टाची कॉलर किती वाईट बसलीय ते पाहत बसले.

निकाल तिथल्या तिथे लागला. पास व्हायला सत्तर लागत होते. बाईंना अठ्ठावन्न मिळाले. मास्तरांना ब्याण्णव.

बसमधून येताना बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. तोंडावर आनंद दिसू नये म्हणून मास्तर सारखे खोकत होते. दोन थांबे गेल्यावर बाई म्हणाल्या, "एवढा खोकला झालाय तर काढा घ्या." घरी आल्यावर मास्तरांनी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र गुपचूप कपाटात शर्टांच्या खाली सारलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी ते स्वतःच बाहेर काढलं, चौकटीत बसवून आणलं आणि भिंतीवर ठोकलं. "घरात कुणीतरी शिकलेलं आहे हे लोकांना दिसू दे," त्या म्हणाल्या. मास्तरांना यातलं किती टोचून आहे आणि किती कौतुकाचं, याचा अंदाज लागेना, म्हणून त्यांनी त्या दिवशी न सांगता भांडी घासली.

बुधवारी बाईंच्या प्रमाणपत्राची मुदत संपली. गुरुवारी सकाळी त्या तळघरात गेल्या तर पहारेकरी खुर्चीवरून उठून उभा राहिला. दहा वर्षं रोज त्यांच्या डब्यातलं खाणारा तो माणूस, पण त्या दिवशी त्याने खाली मान घालून पिवळ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"साहेबांनी सांगितलंय, बाई."

बाई वर अधीक्षकांकडे गेल्या. दुसऱ्यांदा परीक्षा द्यायची तर पंधरा दिवस थांबावं लागणार होतं.

"तोवर मी काय करायचं?"

"वर बसा. फाइली लावा."

"आणि काही बिघडलं तर?"

"पंधरा दिवस काही बिघडू नये एवढं बघू आपण," अधीक्षक म्हणाले. जणू काही त्यांनी यंत्रांनाही परिपत्रक पाठवलं होतं.

सोमवारी सकाळी साडेदहाला टोकन-फलक एक्केचाळीसवर अडकला. डॉक्टरांच्या पडद्यावरही एक्केचाळीसच नंबर, घंटा दाबली तरी एक्केचाळीस. एक्केचाळीस नंबरच्या बाई आपल्याला पुन्हा बोलावलं म्हणून पुन्हा आत गेल्या. तिसऱ्यांदा डोळे तपासून झाले तेव्हा त्यांचा चष्म्याचा नंबर पहिल्यापेक्षा चांगला निघाला, आणि त्या फार खूश होत्या. बेचाळीस नंबरचे आजोबा मात्र फलकाखाली उभे राहून भेटेल त्याला आपला कागद दाखवत होते. "मला दिसत नाही म्हणून मी इथे आलोय," ते म्हणत, "पण एवढं मला दिसतंय की तो आकडा हलत नाही."

दुपारपर्यंत प्रतीक्षागृहात बसायला जागा उरली नाही. अधीक्षकांनी बाहेरच्या प्रमाणित तंत्रज्ञांना फोन लावले. पहिला गुरुवारी येतो म्हणाला. दुसऱ्याने सांगितलं की त्याची स्वतःची मुदत शनिवारीच संपलीय. अधीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते बाईंच्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.

"बाई, तुमच्या ओळखीत कुणी आहे का? चालू प्रमाणपत्राचं?"

बाईंनी फाइल मिटली. "आहे एक," त्या म्हणाल्या. "घरीच असतात. आत्ता बहुतेक पडद्याला काठ शिवत असतील."

अर्ध्या तासात मास्तर हजर झाले. काखेत चौकटीसकट प्रमाणपत्र, आणि सवयीने गळ्यात टेप तसाच राहिलेला. पहारेकऱ्याने काचेवर नाक टेकवून तारीख वाचली, सही बघितली आणि बाजूला झाला. मास्तर पिवळा पट्टा ओलांडून आत गेले. बाई पट्ट्याच्या अलीकडे स्टुलावर बसल्या. अधीक्षक नियमांची पुस्तिका आणि नोंदवही घेऊन दोघांच्या मध्ये उभे राहिले.

आतला गारवा मास्तरांना आवडला. "छान आहे गं तुझी खोली," ते म्हणाले.

"समोरचं कपाट उघडा आणि—"

"एक मिनिट," अधीक्षक म्हणाले. "बाई, तुम्हाला सूचना देता येणार नाहीत. कलम सात. मुदत संपलेल्या व्यक्तीने यंत्रणेवर प्रत्यक्ष अथवा सूचनेद्वारे काम करू नये."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वरून बेचाळीस नंबरच्या आजोबांचा आवाज जिन्यातून खालपर्यंत येत होता.

"प्रश्न विचारता येतात का?" त्यांनी विचारलं.

अधीक्षकांनी पुस्तिका चाळली. पुढून मागे, मग मागून पुढे. "प्रश्नांबद्दल काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा जीव आला.

"ठीक आहे," बाई आत वळून म्हणाल्या. "अहो, प्रश्न पहिला. बिघाड शोधताना आधी काय बघावं? अ, छत. ब, समोरच्या कपाटातले दिवे. क, माझं तोंड. ड, वरीलपैकी सर्व."

"ड," मास्तर लगेच म्हणाले. "'वरीलपैकी सर्व' असलं की बहुतेक तेच असतं."

"पुन्हा विचार करा."

"मग ब." त्यांनी कपाट उघडलं. आत एकाखाली एक बारा डिस्का होत्या आणि प्रत्येकीवर एक बारीक दिवा.

"दिव्यांचा रंग कोणता आहे? अ, सगळे हिरवे. ब, एखादा वेगळा."

मास्तरांनी चष्मा नाकावर घेतला. "सगळे हिरवेच आहेत. पण सातवा याच ताग्यातला नाही."

"म्हणजे?"

"बाकीचे पोपटी आहेत. हा पोपटीतून हळदीकडे चाललाय. गिऱ्हाइकाला एकच रंग म्हणून विकता येईल, पण शिवल्यावर उन्हात कळेल."

बाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या. सातवी डिस्क धड मेली नव्हती आणि धड चालतही नव्हती, आणि बाकीची सगळी यंत्रणा तिच्या उत्तराची वाट बघत ताटकळली होती. दारातून त्या दिव्याचा फरक त्यांनाही दिसला नसता, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. मास्तरांना काही सांगितलं नाही.

"नवी डिस्क कुठे असते? अ, खिडकीत. ब, मागच्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या कप्प्यात, निळ्या खोक्यात."

"ब," मास्तर म्हणाले आणि निळं खोकं घेऊन आले.

"आता खराब डिस्क कशी काढावी? अ, खटका दाबून सरळ ओढावी. ब, आधी यंत्राला सांगून सोडवून घ्यावी. क, घरी जावं."

बाईंनी 'अ'वर जरा जोर दिला. मास्तरांचा हात खटक्यापर्यंत गेला आणि थांबला.

"ब," ते म्हणाले.

"नीट ऐका. अ, खटका दाबून—"

"तीनशे बारा, ब. पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तक राहू दे. मी चौदा काढल्यात."

"बाई, ही सूचना होतेय," अधीक्षक म्हणाले.

"अगं, पण पुस्तकात कारण दिलंय," मास्तर आतून म्हणाले. आवाज जरा घाबरलेला होता, पण मापाच्या बाबतीत ते कधी माघार घेत नसत. "नव्या बनावटीच्या यंत्रांत न सांगता डिस्क ओढली तर यंत्र शेजारच्या डिस्कांनाही खराब धरतं आणि सगळंच बंद करतं. हे नवं आहे का जुनं?"

बाईंनी बोटांवर आठवून पाहिलं. त्यांच्या चौदाही डिस्का जुन्या यंत्रातल्या होत्या. ते यंत्र गेल्या वर्षी बदललं होतं. नव्याबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक त्यांनी प्लॅस्टिकसुद्धा न फाडता वरच्या टेबलाच्या खणात ठेवलं होतं, कारण त्यांच्या मते यंत्र म्हणजे यंत्र, त्यात नवं काय असणार. त्यांनी पहारेकऱ्याला वर पिटाळून ते मागवलं, मांडीवर घेऊन प्लॅस्टिक फाडलं आणि पानं उलटली. एकसष्टाव्या पानावर जाड अक्षरांत तेच लिहिलं होतं, आणि खाली उद्गारचिन्हासकट एक लाल त्रिकोण होता.

 एकवीस वर्षांतल्या प्रत्येक पेशंटचे डोळे त्या बारा डिस्कांत होते.

"काय गं, कोणतं उत्तर?" मास्तरांनी विचारलं.

"ब," बाई हळू म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. मास्तर वळून दाराकडे बघतच राहिले, कारण हे वाक्य त्यांनी यापूर्वी ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. अधीक्षकांनी चुकून तेही नोंदवहीत लिहून घेतलं.

त्यानंतरच्या पाऊण तासात बाईंनी अठ्ठावीस प्रश्न विचारले. कीबोर्डवरची अक्षरं मास्तर एका बोटाने, सुईत दोरा ओवावा तशी टिपत होते. एकदा त्यांनी 'वरीलपैकी एकही नाही' असा पर्याय मागितला, तेव्हा तो त्यांना मिळाला नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी सातव्या डिस्कवर खरा पोपटी दिवा लागला, यंत्रांची घरघर एका सुरात आली, आणि वर प्रतीक्षागृहात मोठा गलका झाला. फलकावर बेचाळीस आला होता. आजोबा मात्र त्याच वेळी स्वच्छतागृहात गेले होते, त्यामुळे त्रेचाळीस नंबर आधी गेला, आणि त्यावरून पुढे अर्धा तास वेगळंच भांडण चाललं.

अधीक्षकांनी मास्तरांना उरलेल्या दिवसांसाठी रीतसर 'प्रमाणित व्यक्ती' म्हणून बोलावलं. मास्तर रोज डबा घेऊन जाऊ लागले. बाई पट्ट्याच्या बाहेर बसून पर्याय देत, मास्तर आत बसून निवडत, आणि मधल्या वेळात शिवणकाम करत. चौथ्या दिवशी त्यांनी मायेने सगळ्या यंत्रांना मापाची जाड खादीची झाकणं शिवून घातली, तेव्हा अर्ध्या तासात खोली भट्टीसारखी तापली. बाईंनी त्या दिवशी चारही पर्याय एकच दिले. झाकणं उतरवताना मास्तर म्हणाले, "फिटिंग मात्र बघितलंस का?" फिटिंग खरोखर सुरेख होतं, आणि बाईंनी तसं सांगितलंही.

पंधराव्या दिवशी बाई पुन्हा परीक्षेला बसल्या. या वेळी आदल्या आठवड्यात त्यांनी पुस्तक स्वतः वाचलं होतं. ज्या प्रश्नांशी भांडायचं त्यांच्यापुढे पेन्सिलीने फुली केली, आणि ज्यांच्याकडून शिकायचं त्यांच्यापुढे टिंब. फुल्या एकशे चाळीस निघाल्या. टिंबं सत्तावीस. टिंबं इतकी निघतील असं त्यांना वाटलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशी गुण पडले. बसमध्ये मास्तर म्हणाले, "उत्तम आहेत." बाई म्हणाल्या, "ब्याण्णव नाहीत ना," आणि खिडकीबाहेर बघत बसल्या, पण या वेळी त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर पिशवी ठेवली होती, म्हणजे राग नव्हता.

वरच्या कचेरीने त्या घटनेचा अहवाल वाचून बाईंचं मत मागवलं: दर तीन वर्षांनी प्रमाणपत्र नवं करण्याची सक्ती असावी का? अधीक्षक स्वतः कागद घेऊन आले. त्यांना वाटलं होतं बाई चार ओळींत नियमाचे वाभाडे काढतील. बाईंनी दोन दिवस घेतले. लिहिलं, की असावी. माणूस विसरतो म्हणून नाही, यंत्र बदलतं आणि माणसाला ते कळत नाही म्हणून. पण परीक्षा यंत्रासमोर घ्या, आणि पाठांतराने पास झालेल्या माणसाला एकट्याला आत सोडू नका. माझ्या घरात एक आहे, फार गुणी आहे, पण त्याने सर्व्हरला झाकणं घातली होती. आणि मुदत संपली म्हणून जाणत्या माणसाला दाराबाहेर बसवायचं असेल, तर निदान त्याला तोंड उघडू द्या.

मास्तरांनी पत्र वाचलं. 'गुणी' या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि बाकीचं पुन्हा वाचलं नाही. त्यांच्या मते सक्ती दरवर्षी हवी होती, कारण परीक्षेच्या खोलीतला एसी फार चांगला होता.

मग बाई खोलीत परत रुजू झाल्या. पहिल्या दिवशी पहारेकऱ्याने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं आणि आपली खुर्ची वर प्रतीक्षागृहात नेली, तिथे जास्त गरज होती. बाईंनी माहितीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चार दिवस लागले. त्यांच्या लक्षात आलं, की डिस्कशिवाय आणखी सहा गोष्टी आपण वर्षभर जुन्या पद्धतीने, म्हणजे चुकीच्या करत आलोय, आणि काही झालं नाही ते केवळ नशीब. त्यांनी एकेक करून त्या सहाही दुरुस्त केल्या. घरी जाऊन मास्तरांना सहाही सांगितल्या. अधीक्षकांना दोन सांगितल्या.